बाळाच्या छातीतली घरघर आणि अर्जातला ‘वंश’ हा रकाना

अमेरिकेच्या नैऋत्य भागात, नवाहो आणि अपाची या मूलनिवासी लोकांच्या प्रदेशात, मोटाविझुमॅब नावाच्या औषधाची चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीतली सगळी २,१२७ बाळं निरोगी होती आणि दिवस भरून जन्मलेली होती. ज्या ७१० बाळांना खरं औषध दिलं नव्हतं, त्यांतल्या ८० जणांना आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूमुळे रुग्णालयात दाखल करावं लागलं. शंभरात अकरा. अमेरिकेत सहा महिन्यांखालच्या एकूण बाळांमध्ये हेच प्रमाण वर्षाला शंभरात दोन-तीन असतं.

औषधाने हा धोका ८७ टक्क्यांनी कमी केला. मात्र अ‍ॅलर्जीच्या प्रतिक्रियांचा मुद्दा पुढे आला आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली नाही. ते औषध तिथेच संपलं. आपल्या कामाचा आहे तो औषध न मिळालेल्या गटाचा आकडा. हृदयाचा दोष नाही, फुप्फुसाचा आजार नाही, जन्म वेळेवर झालेला, तरीही शंभरात अकरा बाळं रुग्णालयात. असं का होतं, हे विचारायला लागलं की ‘त्यांच्यात तो आजार जास्त असतो’ हे उत्तर पुरत नाही. ते उत्तर म्हणजे प्रश्नच पुन्हा वाचून दाखवणं झालं.

आधी आजार समजून घेऊ. आरएसव्ही धडधाकट मोठ्यांना झाला तर बहुधा सर्दी होते, चार दिवस नाक गळतं, विषय संपतो. दोन वर्षांची होईपर्यंत जवळपास सगळीच मुलं एकदा तरी यातून जातात. लहान बाळाच्या बाबतीत अडचण श्वासनलिकांच्या मापाची असते. नळीतून हवा संथपणे वाहत असेल तर तिला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. समजा, नळीचा व्यास ८ मिलिमीटर आहे आणि आतल्या अस्तराला चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली. व्यास ६ वर येतो आणि अडथळा साधारण तिप्पट होतो. तीच सूज ४ मिलिमीटर व्यासाच्या नळीत आली तर व्यास २ वर येतो आणि अडथळा सोळापट होतो. त्यात चिकट कफ आणि मेलेल्या पेशींचा चोथा साचतो. याला ब्राँकिओलायटिस म्हणतात. सर्दीने सुरुवात होते आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो. ‘काल दाखवलं तेव्हा तर बरं होतं’ असं पालक म्हणतात आणि ते खरंच असतं.

हे गणित सगळ्या बाळांना सारखंच लागू आहे. सूज कोणत्या वंशाच्या नळीला आली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फरक पडतो तो इतर गोष्टींनी: विषाणू किती लवकर आणि किती मोठ्या प्रमाणात पोचतो, फुप्फुसं जन्मतः किती तयार असतात, घरात धूर किती आहे, उपचार किती दूर आहेत. रुग्णालयाच्या अर्जातला ‘वंश’ हा रकाना या सगळ्यांची एका शब्दात गोळाबेरीज करतो. म्हणून तो इशारा म्हणून उपयोगी आहे आणि निदान म्हणून निरुपयोगी.

अलास्कात ही गोळाबेरीज सुटी करून पाहता येते, कारण तिथे एक गोष्ट मोजता आली: नळाचं पाणी. तिथल्या अनेक मूलनिवासी वस्त्यांमध्ये घरात नळ नाही. जमीन बारा महिने गोठलेली, त्यामुळे साधा पाइप पुरता येत नाही. पाणी सार्वजनिक ठिकाणाहून डब्यात भरून आणायचं, आणि शौचासाठी घरात बादली. असं पाणी आधी प्यायला आणि स्वयंपाकाला जातं. हात धुवायला उरतं ते एका पसरट भांड्यातलं, आणि त्याच पाण्यात घरातले सगळे एकामागून एक हात बुचकळतात. आरएसव्ही टणक पृष्ठभागांवर कित्येक तास टिकतो. असं भांडं विषाणू धुवून टाकत नाही, वाटून देतं.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अलास्काच्या ग्रामीण विभागांची तुलना केली होती. ज्या विभागांत घरात पाणी पोचलेल्या घरांचं प्रमाण कमी होतं, तिथे पाच वर्षांखालच्या मुलांचं आरएसव्हीमुळे दाखल होण्याचं प्रमाण ३.४ पट होतं. दोन्हीकडे लोक मूलनिवासीच. वंश तोच, फरक पाण्याचा. पण याच अभ्यासातला दुसरा आकडा बरेच जण सांगत नाहीत. एकाच विभागातल्या गावागावांची तुलना केली, म्हणजे १० टक्क्यांहून कमी घरांत पाणी असलेली गावं एकीकडे आणि ८० टक्क्यांहून जास्त घरांत असलेली दुसरीकडे, तर बाळांमधला फरक १.२ पटींवर येतो. म्हणजे ३.४ मधला मोठा वाटा पाण्यासोबत येणाऱ्या इतर गोष्टींचा आहे: घरातली गर्दी, हवा खेळती नसणं, गरिबी. पाणी महत्त्वाचं आहेच, पण एकट्या पाण्यावर सगळं ढकलणंही आळशीपणाच.

पाणी आल्यावर नेमकं काय बदलतं, हेही पाहिलं गेलं आहे. पश्चिम अलास्कातल्या चार गावांत घरोघरी पाणी आलं, तेव्हा माणशी रोजचा वापर १.५ गॅलनवरून २५.७ गॅलनवर गेला. लिटरमध्ये साधारण ६ वरून ९७. श्वसनाच्या आजारांसाठी दवाखान्यात येणं १६ टक्क्यांनी घटलं, त्वचेच्या संसर्गासाठी २० टक्क्यांनी, पोटाच्या आजारांसाठी ३८ टक्क्यांनी. श्वसनाची घट सर्वांत कमी, आणि ते अपेक्षितच आहे. पोटाचे आजार मुख्यतः हातातून आणि पाण्यातून जातात. सर्दीचे विषाणू मात्र खोकणाऱ्या भावंडाच्या तोंडातूनही येतात आणि त्याला नळ थांबवू शकत नाही. नळ येईपर्यंत करता येण्यासारखी गोष्ट साधी आहे: साचलेल्या भांड्यात हात न बुडवता वरून धार सोडायची. तोटी असलेला छोटा डबा, साबण, वीस सेकंद, आणि खाली वापरलेलं पाणी गोळा करायला वेगळं भांडं. पाणी फारच तुटपुंजं असेल तर किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर.

धुराचं गणित वेगळं आहे. नवाहो प्रदेशात आणि अलास्कात बरीच घरं लाकडाच्या, काही ठिकाणी कोळशाच्या शेगडीवर तापतात. धूर श्वासनलिकेच्या अस्तरावरचे बारीक केस लुळे करतो आणि कफ वर ढकलला जात नाही. ‘लाकूड जाळू नका’ हा सल्ला गोठवणाऱ्या थंडीत कुचकामी आहे. उपयोगाचा सल्ला असा: लाकडातली ओल २० टक्क्यांखाली हवी, म्हणजे फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा लागेल असं रचून किमान सहा महिने वाळवलेलं. ओलं लाकूड आपली बरीच ताकद स्वतःतलं पाणी उडवण्यात घालवतं, धुमसतं आणि चिमणीत काजळी धरतं. शेगडीचं दार पुन्हापुन्हा उघडायचं नाही, दाराची दोरीसारखी कड झिजली असेल तर बदलायची, आणि चिमणी हंगामापूर्वी साफ करायची. बाळाचा पाळणा शेगडीच्या खोलीत असणं थंडीमुळे अटळ असतं, म्हणून शेगडीच सुधारावी लागते.

अंतराचा मुद्दा बाहेरच्या माणसाला लवकर लक्षात येत नाही. अलास्कातल्या कित्येक गावांना रस्ताच नाही. गावात आरोग्यसेवक असतो, प्राणवायू असतो, पण बाळ दमलं तर विमान बोलवावं लागतं आणि हवा खराब असेल तर विमान येत नाही. त्यामुळे शहरात ‘आज रात्री घरी ठेवा, उद्या दाखवा’ म्हणण्यासारख्या बाळालाही तिथे आधीच हलवावं लागतं. म्हणजे दाखल होण्याच्या आकड्यात थोडा भाग सावधगिरीचाही आहे. आकडे वाचताना हे लक्षात ठेवायचं. मात्र त्याने सगळा फरक पुसला जात नाही.

आता जनुकांबद्दल, कारण कुणीतरी विचारतंच. उत्तर ध्रुवीय प्रदेशातल्या मूलनिवासींमध्ये सीपीटी१ए या जनुकाचं एक रूप बरंच आढळतं. ते चरबीपासून ऊर्जा मिळवण्याच्या प्रक्रियेशी निगडित आहे. अलास्कातल्या बाळांत या रूपाचा आणि श्वसनाच्या संसर्गाचा संबंध दिसला आहे. तेव्हा जनुकांचा काहीच हात नाही, असं म्हणणं चूक ठरेल. पण नीट पाहा: हे एक ठराविक रूप आहे, रक्ताच्या तपासणीत दिसतं, आणि त्याच गावातल्या एका बाळात असतं तर दुसऱ्यात नसतं. ‘मूलनिवासी’ हा शब्द लिहून त्याची तपासणी होत नाही. आणि त्यातून निघणारा सल्ला अगदी घरगुती आहे: असं बाळ आजारी असताना फार वेळ उपाशी राहू द्यायचं नाही, कारण साखर उतरू शकते. दूध तुटलं तर इतरांपेक्षा लवकर दाखवायचं.

कृष्णवर्णीय बाळांची गोष्ट वेगळी आहे आणि तिला मूलनिवासींच्या गोष्टीला जोडून एकच ‘अल्पसंख्याक’ असा गठ्ठा बांधणं मला पटत नाही. इथे सुरुवात जन्माच्या आधी होते. २०२२ मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांची १४.६ टक्के बाळं ३७ आठवड्यांआधी जन्मली, गोऱ्या मातांची ९.४ टक्के. त्याच वर्षी दर हजार जन्मांमागे कृष्णवर्णीय बाळांचा मृत्युदर १०.९ होता, गोऱ्या बाळांचा ४.५. लवकर जन्मलेल्या बाळाच्या श्वासनलिका आणखी अरुंद, वायुकोश कमी, आणि आईकडून शेवटच्या आठवड्यांत मिळणारी, विषाणूंशी लढणारी प्रतिपिंडंही अपुरी. पहिल्या हिवाळ्यातल्या आरएसव्हीसाठी जमीन तिथेच तयार होते.

यात एक विरोधाभास आहे आणि तो माझ्या मते या विषयातला सर्वांत शिकवणारा आहे. समान आठवड्यांना जन्मलेल्या बाळांची तुलना केली तर कृष्णवर्णीय बाळांना जन्मानंतर लगेच होणारा श्वासाचा त्रास, म्हणजे सर्फॅक्टंट या द्रव्याच्या अभावाने फुप्फुसं चिकटून बसणं, गोऱ्या बाळांपेक्षा कमी प्रमाणात होतो. १९९० मध्ये अमेरिकेत बाहेरून द्यायचं सर्फॅक्टंट उपलब्ध झालं. सेंट लुइसमधल्या दीड किलोखालच्या बाळांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला: औषध येण्याआधी आणि आल्यानंतर. गोऱ्या बाळांचा मृत्युदर ४१ टक्क्यांनी उतरला, कृष्णवर्णीय बाळांचा जवळपास होता तिथेच राहिला. आधी त्यांचा दर कमी होता, नंतर तोच जास्त ठरला. यात कुणी औषध नाकारलं असं मानायची गरज नाही. जो आजार एका गटात जास्त होता, त्याच आजारावर औषध आलं, म्हणून फायदा त्या गटाला झाला. दुसऱ्या गटातल्या मृत्यूंची कारणं वेगळी होती आणि त्यांवर औषध नव्हतं. नवा उपाय सगळ्यांना सारखा दिला तरी दरी रुंदावू शकते, ती अशी.

आरएसव्हीने दाखल होण्याच्या बाबतीत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या बाळांमधला फरक मूलनिवासींइतका ठळक आणि सरळ नाही. वय, ठिकाण आणि विमा यांनुसार तो बदलतो. जो कुणी एकच आकडा फेकतो, त्याला ‘कोणत्या वयाचा?’ एवढंच विचारावं.

मोजण्याच्या साधनांबद्दल मात्र स्पष्ट बोलता येतं. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर दोन रंगांचा प्रकाश वापरतो: ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० च्या आसपासचा अवरक्त. ठोक्यागणिक बदलणाऱ्या शोषणावरून तो रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज बांधतो. त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यही प्रकाश शोषतं, आणि हे अंदाज बसवताना घेतलेले स्वयंसेवक बहुतेक उजळ त्वचेचे होते. अमेरिकेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत किमान दहा माणसं आणि त्यांत गडद त्वचेची किमान दोन, किंवा १५ टक्के, एवढीच अपेक्षा होती. डिसेंबर २०२० मध्ये प्रौढ रुग्णांवरचा अभ्यास आला: यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीच्या रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी, असं कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा दिसलं, गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा. जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात किमान १५० माणसांवर आणि त्वचेच्या सगळ्या छटांवर चाचणी करावी, असं सुचवलं आहे.

ब्राँकिओलायटिसमध्ये याचा थेट परिणाम होतो, कारण निर्णय एका आकड्यावर लटकलेला असतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४ च्या सूचनांनुसार आकडा ९० च्या वर असेल तर प्राणवायू न देण्याचा पर्याय आहे. उजळ त्वचेच्या बाळाचा ९१ आणि गडद त्वचेच्या बाळाचा ९१ एकच असेलच असं नाही. यंत्र फेकून द्यायचं नाही, नीट वापरायचं. पट्टी पायाच्या पंजाला नीट गुंडाळायची, प्रकाश देणारा आणि घेणारा भाग समोरासमोर हवा. पाय थंड असेल तर आधी गरम करायचा. अंगावर तीव्र दिवा असेल तर वरून कापड टाकायचं. यंत्रावरचे ठोके स्टेथोस्कोपने ऐकलेल्या ठोक्यांशी जुळतात का, ते पाहायचं; जुळत नसतील तर आकडा कचऱ्यात. बाळ हलायचं थांबल्यावर स्थिर झालेला आकडा घ्यायचा. आणि काठावरचा आकडा, श्वास जलद, बरगड्या आत ओढल्या जातायत, असं असेल तर शरीरावर विश्वास ठेवायचा.

रंग पाहण्याबाबतही तेच. बाळाची प्रकृती जोखायला जन्मतःच दिल्या जाणाऱ्या अपगार गुणांत ‘सर्वांग गुलाबी’ असेल तर पूर्ण दोन गुण मिळतात. गडद त्वचेच्या बाळाला हे कसं लावायचं? इंग्लंडमध्ये २०२३ मध्ये याच प्रश्नावर, नवजात बाळांच्या तपासणीतल्या रंगाच्या निकषांवर, सरकारी आरोग्यसेवेच्या वंश व आरोग्यविषयक संस्थेने आढावा प्रसिद्ध केला. व्यवहारात निळसरपणा पाहायचा तो जीभ, हिरड्या आणि ओठांच्या आतल्या बाजूला. गडद त्वचेवर तो निळा दिसेल अशी वाट पाहू नये. राखाडी किंवा पांढुरकी छटाही तेवढीच गंभीर. फक्त तळहात-तळपाय निळसर असणं नवजात बाळात पहिल्या दिवसांत साधारण असतं, जीभ निळी असणं कधीच नाही.

प्रतिबंधाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत चित्र पालटलं. पूर्वी १९९८ पासून पॅलिव्हिझुमॅब हे आरएसव्हीपासून बचावाचं इंजेक्शन होतं: किलोमागे १५ मिलिग्रॅम, दर महिन्याला, हंगामात पाच वेळा, आणि तेही मुख्यतः खूप लवकर जन्मलेल्यांना. जुलै २०२३ मध्ये निर्सेविमॅब या नव्या इंजेक्शनला परवानगी मिळाली. एकच टोचणी: ५ किलोखाली ५० मिलिग्रॅम, ५ किलो किंवा जास्त असेल तर १०० मिलिग्रॅम. आठ महिन्यांखालच्या सगळ्या बाळांना, आईने गरोदरपणी आरएसव्हीची लस घेतलेली नसेल तर. आईची लस ३२ ते ३६ आठवड्यांत, सप्टेंबर ते जानेवारी, आणि बाळंतपणाआधी किमान १४ दिवस झालेले हवेत. दुसऱ्या हंगामात, ८ ते १९ महिन्यांच्या मुलांना २०० मिलिग्रॅमची शिफारस आहे ती जास्त धोक्याच्या ठराविक गटांसाठी, आणि त्यांत अमेरिकन इंडियन व अलास्का मूलनिवासी मुलं नाव घेऊन आहेत. कारण काही समुदायांत १२ ते २३ महिन्यांच्या मुलांतही दाखल होण्याचं प्रमाण इतरांच्या चार ते दहा पट दिसलं होतं. वंश हा निकष म्हणून वापरण्याची ही जागा मला योग्य वाटते: तो इथे फुप्फुसाबद्दल दावा करत नाही, धोका कुठे साचला आहे ते दाखवतो आणि दार उघडतो.

पण पहिल्याच हंगामात १०० मिलिग्रॅमच्या सुया कमी पडल्या. २३ ऑक्टोबर २०२३ च्या सूचनेत सांगितलं गेलं की त्या आधी सहा महिन्यांखालच्या आणि जास्त धोक्याच्या बाळांना द्या, आणि ५० च्या दोन जोडून १०० करू नका, नाहीतर लहान बाळांच्या वाट्याच्या जातील. आठ महिन्यांवरच्या मूलनिवासी मुलांपैकी फक्त दुर्गम भागांतल्या आणि प्रादुर्भाव जास्त असलेल्या समुदायांतल्या मुलांसाठीच ते खुलं राहिलं.

दुसरी अडचण पैशाच्या वाटेची. १९८९ ते ९१ मधल्या गोवराच्या साथीनंतर अमेरिकेने ‘व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन’ ही योजना आणली. मेडिकेडवरची (म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यावरची), विमा नसलेली, आणि उत्पन्न काहीही असो, सगळी अमेरिकन इंडियन व अलास्का मूलनिवासी मुलं तिच्यात लस मोफत घेऊ शकतात. निर्सेविमॅब लस नसून तयार प्रतिपिंड आहे, तरी ते तिच्यात घेतलं गेलं. पण सर्वांत सोयीची वेळ म्हणजे बाळंतपणाचं रुग्णालय, आणि अशी फारच थोडी रुग्णालयं या योजनेत नोंदलेली होती. बाळंतपणाचं बिल एकगठ्ठा ठरलेलं असतं. त्यात जवळपास पाचशे डॉलरची सुई बसवली तर तोटा रुग्णालयाचा. म्हणून बाळाला ‘पुढच्या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे घ्या’ म्हणून घरी पाठवलं जातं. ज्या आईला पगारी रजा नाही, गाडी नाही, तिचा तो पुढचा आठवडा सरकत जातो. १९९३ च्या कायद्याने मिळणारी बारा आठवड्यांची रजा बिनपगारी आहे, पन्नासहून कमी माणसांच्या आस्थापनेला ती लागू नाही, आणि वर्षभरात १,२५० तास भरलेले हवेत. त्यामुळे सहा आठवड्यांचं बाळ पाळणाघरात जातं, नेमकं आरएसव्हीच्या हंगामात. जून २०२५ मध्ये परवानगी मिळालेलं क्लेस्रोविमॅब हे तशाच प्रकारचं इंजेक्शन वजन न पाहता सगळ्यांना १०५ मिलिग्रॅम असं एकाच मापात येतं. साठा ठेवण्याची डोकेदुखी त्याने थोडी कमी होते, बिलाची नाही.

सुई मिळाली नसो किंवा मिळाली असो, घरी पाहायचं तेच. श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, कपडा वर करून, पूर्ण ६० सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण बाळाचा श्वास थांबत-थांबत चालतो. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, म्हणजे जलद. नाकपुड्या फुलतायत, बरगड्यांखाली खळगा पडतोय, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतोय, नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध जातंय, आठ तासांत लंगोट ओला नाही, यांतलं काहीही असेल तर थांबायचं नाही. दोन महिन्यांखालच्या किंवा लवकर जन्मलेल्या बाळात कधीकधी घरघर नसतेच; श्वास मध्येच थांबतो, एवढंच पहिलं लक्षण. नाकात मिठाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब घालून, दूध देण्याआधी हलकेच ओढून काढायचं, थोडं थोडं पण वारंवार पाजायचं. वाफारा, खोकल्याचं औषध, प्रतिजैविक यांचा इथे उपयोग नाही. फोनवर सांगताना ‘बाळाला सर्दी आहे’ न म्हणता आकडे सांगायचे: आजाराचा कितवा दिवस, मिनिटाला किती श्वास, शेवटचा लंगोट किती वाजता. पलीकडच्या माणसाला बाळ दिसत नसतं, आणि अर्जातला तो रकाना त्याला यांतलं काहीच सांगत नाही.